बावीस पंचे दाहोदरसे

गेल्या महिन्यात या सदराच्या शेवटी एक कोडं घातलं होतं. वही आणि पेन मिळून ११० रुपये. वही पेनापेक्षा १०० रुपयांनी महाग. तर पेन केवढ्याचं? पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून उत्तरांचा ढीग आला, आणि बहुतेकांनी लिहिलं, दहा रुपये. एका गृहस्थांनी वर शेराही मारला, ‘बाई, इतकं सोपं विचारून आमचा अपमान करू नका.’ (नाव छापत नाही, निश्चिंत असा.) पेन दहाचं धरलं तर वही ११० ची होते आणि बेरीज १२० वर जाते. पेन पाचाचं आणि वही १०५ ची.

शेन फ्रेडरिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी २००५ साली हे कोडं बॅट आणि चेंडू घेऊन घातलं होतं. मला ते शाळेत आमच्या खोलीत एका तरुण सहकाऱ्यानं घातलं, तेव्हा मीही ‘दहा’ म्हणून मोकळी झाले होते. चौतीस वर्षं गणित शिकवलेली बाई! वजाबाकी येत नव्हती असं थोडंच आहे? आलेलं उत्तर परत एकदा बेरजेत घालून बघायचा कंटाळा केला, एवढंच.

११० वरून आठवलं. आपण ‘अंदाज पंचे दाहोदरसे’ म्हणतो ना, त्यातलं दाहोदरसे म्हणजे ११०. बावीसच्या पाढ्यात ‘बावीस पंचे दाहोदरसे’ येतं. ज्याला पाढा येत नाही तो बावीसच्या जागी ‘अंदाज’ म्हणून पुढे रेटतो, असं आमचे वडील म्हणायचे. मला मात्र त्या अंदाजाबद्दल फार आदर आहे. फक्त तो बोलून झाल्यावर पाढा काढून पडताळावा. आता तुमचे प्रश्न.

बाई, तुम्ही सारखं तोंडी हिशेब करा म्हणता. खिशात मोबाइल आहे, त्यात कॅल्क्युलेटर आहे. मग डोक्याला ताण कशाला? हा निव्वळ जुन्या पिढीचा हट्ट नाही का? – एक वाचक, ठाणे

थोडा हट्ट आहे, कबूल. आमच्या वडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं पाठ होतं. त्यांच्या काळी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, त्यामुळे पाव आणि पाऊण पावलोपावली लागायचे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि त्या पाढ्यांची गरज ओसरली. मी ते मुलांवर लादले नाहीत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, तो येत नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. साडेतीन मीटर कापड १६० रुपये मीटरनं घेताना तीन मीटरचे ४८० आणि अर्ध्याचे ८०, झाले ५६०. औटकीत हेच तर होतं.

पण कॅल्क्युलेटर तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही, दाबलेल्या बटणांचं देतो. गेल्या श्रावणात एका दुकानात साडी घेतली. किंमत १,८५०, सूट तीस टक्के. मी उभ्याउभ्या मनात म्हटलं, तीस टक्के म्हणजे तिसऱ्या हिश्शाला जरा कमी, तेव्हा बाराशे ते तेराशेच्या मध्ये कुठंतरी बसायला हवं. बिल आलं १,५०५. म्हटलं, पोरी, परत बघ. तिनं शेजारच्या साडीची २,१५० ही किंमत मारली होती. बिचारी ओशाळली, १,२९५ चं बिल करून दिलं. मला नेमका आकडा येत नव्हता बरं का. १,५०५ ‘बसत नाही’ एवढंच कळत होतं, आणि ते कळायला अर्धा मिनिटही लागलं नाही.

शाळेत एका मुलानं वयवारीच्या गणितात बापाचं वय १७५ वर्षं काढलं होतं. पायऱ्या सुबक, उत्तराखाली दोन रेघा. मी विचारलं, बाळा, असा बाप पाहिलायस कुठं? तो म्हणाला, ‘बाई, पण गुणाकार बरोबर आहे.’ आणि गुणाकार खरंच बरोबर होता!

तेव्हा कॅल्क्युलेटर खुशाल वापरा. बटण दाबण्याआधी मनात एक आकडा ठेवा, मग दाबा. आणि तोंडी हिशेब जमत नाही म्हणणारी बहुतेक माणसं डोक्यात कागदावरची रीत चालवत असतात. उजवीकडून एककापासून सुरू करायचं, हातचा धरायचा. कागदावर ती रीत उत्तम आहे, डोक्यात हातचे सांडतात. डोक्यात डावीकडून, मोठ्या आकड्यापासून जावं. २६८ आणि १५७? अडीचशे आणि दीडशे चारशे, वर अठरा आणि सात पंचवीस, ४२५. मध्येच कुणी हाक मारली तरी ‘चारशेच्या वर’ एवढं हातात उरतं. आणि २५ चे ४८ टक्के काढायची वेळ आली तर ४८ चे २५ टक्के काढा, तेच उत्तर येतं. बारा. हे मी वर्गात सांगायचे तेव्हा मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा वहीत लिहून घ्यायची.

माझी आई आठवडी बाजारात भाजी विकते. धाकटा भाऊ सातवीत आहे, रविवारी तिच्या पाटीवर बसतो. हिशेबात कधी चुकत नाही, गिऱ्हाइकाला सुट्टे देताना बोटंही मोजत नाही. पण शाळेत गणितात नापास. सर म्हणतात याच्या डोक्यात बटाटे भरलेत. खरं काय मानायचं? – एक वाचक, लातूर जिल्हा

ताई, पाटीवरचं खरं माना. आणि सरांना माझा नमस्कार सांगा. मीही पूर्वी असंच काहीबाही बोललेली आहे, आता लाज वाटते.

तुमच्या भावासारखी मुलं जगात ठिकठिकाणी आहेत, आणि त्यांच्याकडे अभ्यासकांचं लक्ष गेलेलं आहे. ब्राझीलमध्ये रेसिफे नावाचं शहर आहे. तिथं टेरेझिन्हा नुनेस आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांकडे गिऱ्हाईक बनून गेले. १९८५ साली त्यांनी ते छापलं. नारळ विकणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलाला विचारलं, एक केवढ्याला? पस्तीस. मग दहा दे, किती झाले? पोरगा थांबला. तीनचे १०५. आणखी तीन, २१०. अजून चार राहिले. मग ३१५ वर आला आणि शेवटी ३५०. शाळेत शिकवतात तसं पस्तिसापुढे शून्य मांडून तो मोकळा झाला नाही. तीन नारळांचा हिशेब त्याच्या रोजच्या सवयीचा असणार, तिथूनच तो चढत गेला. मुलं पाचच होती, पण बाजारात त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. नंतर त्याच मुलांना तेच आकडे कागदावर नुसती उदाहरणं म्हणून दिले तर बरोबर आली ३७ टक्के. मुलं तीच होती, डोकंही तेच.

आपल्याकडेही पाहणी झाली आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून जास्त मुलांना तपासलं, २०२५ मध्ये ते ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलं. गोष्ट तीच: बाजारात तरबेज, शाळेच्या गणितात अडखळणारी. त्यांनी शाळेतली, बाजारात काम न करणारी मुलंही घेतली होती, आणि ती निघाली नेमकी उलटी. कागदावर बरी, बाजारातला हिशेब समोर आला की गडबडणारी. त्यांच्याही डोक्यात बटाटेच म्हणायचे का मग?

भावाला एक विचारा. टोमॅटो ४० रुपये किलो, ६५० ग्रॅमचे किती? तो बहुधा म्हणेल, अर्ध्या किलोचे वीस, शंभर ग्रॅमचे चार, पन्नासचे दोन, सव्वीस. आता शाळेत हेच ‘४० × ०·६५०’ असं फळ्यावर आलं की दशांश चिन्हाशी झटापट सुरू होते आणि उत्तर २६० निघतं. साडेसहाशे ग्रॅम टोमॅटोला २६० रुपये मागितले तर गिऱ्हाईक टोमॅटो फेकून मारेल, हे त्याला ठाऊक आहे. पण वर्गात बसल्यावर आपण बाजारातलं काही आणायचं नसतं, असा त्याचा समज करून दिला गेलाय.

तेव्हा दर रविवारी संध्याकाळी पाटी उचलल्यावर त्या दिवसातले पाच सौदे त्याला वहीत लिहायला लावा. आधी त्याच्या बोलीत, २० + ४ + २. मग त्याच्याखाली शाळेच्या भाषेत, ४० × (०·५ + ०·१ + ०·०५). हे सातवीच्या पुस्तकातलं गणितच आहे, त्याला मोठ्ठं नावही आहे. नाव नंतर शिकू दे. आणि उलटही करा: पुस्तकातलं उदाहरण आलं की ‘हे कशाचे किलो?’ असं विचारायचं. अपूर्णांक वांग्यांवर आणा, शेकडेवारी आडत्याच्या कमिशनवर आणा. वही भरली की ती सरांना दाखवायची. भांडायला जाऊ नका, नुसती वही समोर ठेवा.

एमपीएससीचा दुसरा प्रयत्न. राज्यघटना तीन वेळा वाचली, चार रंगांनी अधोरेखित केली. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, परीक्षेत पाटी कोरी. माझी बुद्धी कमी आहे का? – एक विद्यार्थी, मूळ गाव अहिल्यानगर जिल्हा, सध्या पुणे

चार रंग? आमच्या वेळी एकच होता आणि तोही शाईचा डाग.

लिफ्टमध्ये रोज भेटणारे एक गृहस्थ असतात बघा. चेहरा इतका ओळखीचा की आपण हसतो, पावसापाण्याचं बोलतो. त्यांचं नाव काय, असं कुणी विचारलं की आपण गप्प. तुमची राज्यघटनेशी तेवढीच ओळख झालीय. तिसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं आणि मन म्हणतं, हे येतंय. परीक्षेत मात्र समोर पान नसतं.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते, ८१ ला ७५. आठवड्यानं तपासलं तर पारडं फिरलं: लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. तुमचा घोटाळा त्या पहिल्या पाच मिनिटांत आहे. तेव्हा जे छान वाटतं त्यावर तुम्ही विश्वास ठेवता.

उद्यापासून असं करून बघा. कलम १४ ते १८ वाचा, एकदाच, पण सावकाश. पुस्तक मिटा, लांब ठेवा, खोलीबाहेर ठेवलंत तर उत्तम. कोरा कागद घ्या. १४, कायद्यापुढे समानता. १५, भेदभावाला मनाई. १६, सरकारी नोकरीत समान संधी. १७... १७... इथं तुम्ही अडकाल. अडका. लगेच पुस्तकाकडे धावू नका, दोन मिनिटं डोकं खाजवा, चुकीचं का होईना काहीतरी लिहा. अस्पृश्यता. मग १८, किताब बंद. आता पुस्तक आणा आणि राहिलेलं तुमच्या चार रंगांपैकी एका रंगानं भरा. तो रंगीत भाग म्हणजे उद्याचा अभ्यास. जे आलं ते आलं, त्याच्या वाटेला जाऊ नका. पुन्हा कोरा कागद दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी.

पहिले काही दिवस फार वाईट जातील. वाचण्याचं सुख यात नाही, उलट आपण किती ढ आहोत हे रोज दिसतं. मी वर्षानुवर्षं मार्चच्या उजळणीत नेमकं याच्या उलट केलं. फळ्यावर मीच पुन्हा सगळं समजावून सांगायची, मुलं माना डोलवायची, मी खूश. खडू त्यांच्या हातात द्यायला हवा होता.

बदाम, ब्राह्मी, सुडोकू यांनी बुद्धी वाढते का? – सौ. क. दे., मिरज

बदामांबद्दल मी काय सांगणार, मला आवडतात म्हणून खाते. सुडोकूनं सुडोकू सुधारतं. २०१० मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे खेळ खेळले. त्या त्या खेळात सगळे पटाईत झाले, बाकी कशातही फरक दिसला नाही. तुम्हाला मजा येत असेल तर सोडवा की. फक्त महिन्याचा किराणा, भिशीचा हिशेब आणि गॅस सिलिंडर किती दिवस पुरला याची नोंद नवऱ्यावर सोपवून सुडोकू सोडवत असाल, तर अदलाबदल करा.

वय ५८. हल्ली रस्तेच लक्षात राहत नाहीत. मुलीच्या नव्या घरी सहा वेळा गेलो, तरी मोबाइलशिवाय पोचत नाही. म्हातारपण लागलं म्हणायचं का? – एक वाचक, वसई

परिचयाच्या रस्त्यावर, रोजच्या दुकानातून घरी येताना वाट चुकत असाल तर आधी डॉक्टरांना दाखवा. तिथं माझा सल्ला चालवू नका. तसं नसेल तर तुम्ही तिथं सहा वेळा गेलाच नाहीत. मोबाइल गेला, तुम्ही सोबत होता.

माझंही झालंय. गेल्या दिवाळीत पुण्यात भाचीकडे निघाले, सदाशिव पेठेत. चौथी खेप. वाटेत मोबाइल बंद पडला आणि मी रस्त्याच्या मधोमध फराळाचा डबा घेऊन उभी. कुठल्या बोळात वळायचं, काही म्हणता काही आठवेना. आणि गंमत म्हणजे १९७८ साली याच पेठेत एका बाईंकडे शिकवणीची चौकशी करायला एकदाच आले होते, ती वाट जशीच्या तशी डोळ्यांपुढे: पिठाची गिरणी, तिथं पीठ उडालेल्या टोपीचा माणूस, त्यानं दाखवलेलं औदुंबराचं झाड, मग डावीकडचा जिना. तेव्हा तीन माणसांना विचारावं लागलं होतं, दोनदा चुकले होते. चुकल्यामुळेच राहिलं.

लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी शहराच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉस चौकाभोवतीच्या सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी त्यांचे मेंदू तपासले. वाटा लक्षात ठेवायला लागणारा हिप्पोकॅम्पस म्हणून भाग असतो, त्याची मागची बाजू या लोकांत मोठी निघाली. हे २००० सालचं. मग शंका आली की मुळातच तसा मेंदू असलेले लोक टॅक्सीवाले होत असतील. म्हणून त्यांनी ७९ उमेदवार सुरुवातीपासून धरले. त्यातले ३९ पास झाले आणि वाढ दिसली ती त्या ३९ जणांतच. मोठी, घोडी झालेली माणसं होती ही.

आपल्याला २५,००० नकोत, मुलीचं घर हवंय. निघण्याआधी घरीच नकाशा बघा आणि तीन खुणा मोठ्यानं म्हणा: पेट्रोल पंप, शाळा, मग हिरवं फाटक. मोबाइल पिशवीत. चुकलात तरच काढा. आणि परत येताना काढूच नका, कारण येतानाची वाट जातानासारखी दिसत नाही. मध्ये मध्ये मागे वळून बघायची सवय लावा. आमच्या आजीला रानातून येताना ती सवय होती.

निवृत्त अधिकारी आहे. ‘तुमच्या नावानं आलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असा व्हिडिओ कॉल आला आणि मी २ लाख ४० हजार रुपये पाठवले. मुलगा म्हणतो, एवढे शिकलेले असून कसे फसलात? मलाही तेच कळत नाही. – नाव नको

आधी व्यवहाराचं. डिजिटल अटक असला प्रकार कायद्यात नाही. १९३० या क्रमांकावर तक्रार केली नसेल तर पत्र बाजूला ठेवा आणि आधी तो फोन लावा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे मध्येच थोपवता येण्याची शक्यता जास्त असते, पण उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका.

आता मुलाचं. दोन वर्षांपूर्वी मला निरोप आला, ‘आज रात्री ९·३० वाजता आपली वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा.’ मी केला. पलीकडचा मुलगा अतिशय अदबीनं बोलत होता, मॅडम मॅडम करत होता. म्हणाला, एक ॲप घ्या, मी इथूनच बिल अपडेट करतो. मी चष्मा लावून ते ॲप शोधत होते. तेवढ्यात दारावर दूधवाला आला, पैसे मागायला. त्याला सुट्टे देताना, वीस आणि वीस चाळीस करताना, मला आठवलं की बिल तर मी चार तारखेलाच भरलंय! पावती फ्रिजवर, लोहचुंबकाखाली. म्हणजे मला कुणी वाचवलं? दूधवाल्यानं. मी आत येईपर्यंत तो मुलगा ‘हॅलो मॅडम’ करतच होता.

एका वेळी डोक्यात फार मावत नाही. नेल्सन कोवान या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली हिशेब मांडला तो साधारण चार गोष्टींचा. भीती आली की त्यातल्या बऱ्याच जागा ती एकटी अडवते. उरलेल्या जागेत समोरचा सांगेल ते बसतं. तुमची पदवी, तुमची तीस वर्षांची नोकरी सगळी बाहेर उभी. म्हणून तर ती माणसं कॉल बंद करू देत नाहीत, कुणाशी बोलू देत नाहीत. त्यांना तुमच्या बुद्धीची चांगली कल्पना असते.

त्या क्षणी हुशारीनं वागेन, असा भरवसा कुणीच धरू नये. निर्णय आधीच, चहा पिताना, घेऊन ठेवावा. माझ्या फोनशेजारी चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘घाई करणाऱ्याला उद्या सांगते.’ बँक असो, पोलीस असो, भाच्याचा मित्र असो. खऱ्या कामाला उद्यापर्यंत थांबता येतं. तुमच्या चिरंजीवांना ही चिठ्ठी लिहायला सांगा, त्यांच्याच अक्षरात. आणि वरचं वही-पेनाचं कोडं घाला त्यांना, जेवताना, सहज.

सोसायटीची पत्रं, भाषणं, शुभेच्छा सगळं आता मी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतो. सुंदर लिहिते. मग आपल्या नैसर्गिक बुद्धीला काय काम? – एक संगणक अभियंता, हिंजवडी

आमच्या इमारतीतले एक आजोबा गेले, तेव्हा सचिवांनी असंच शोकपत्र लिहून घेतलं. ‘त्यांच्या जाण्यानं निर्माण झालेली पोकळी’ वगैरे. चूक एकही नव्हती. पण ते आजोबा रोज सकाळी जिन्यात पडलेली सगळ्यांची वर्तमानपत्रं उचलून ज्याच्या त्याच्या कडीला अडकवायचे, हे यंत्राला कुठून ठाऊक? सचिवांना ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलंच नाही; त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

आधी आपल्या चार वाकड्यातिकड्या ओळी लिहा. मग द्या यंत्राला, शुद्धलेखन बघू दे. स्वतः तयार केलेले शब्द नुसत्या वाचलेल्या शब्दांपेक्षा जास्त लक्षात राहतात, हे स्लामेका आणि ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दाखवलं होतं. तुमच्या भाषणात मध्येच कागद उडाला तरी पंचाईत होणार नाही.

बाई, मी सहावीत आहे. वर्गात माझा नंबर पंचविसावा येतो. आई म्हणते मी हुशार नाही. हुशार व्हायला काय करू? – एक मुलगी, नाशिक रोड

तू तर माझ्या गावचीच निघालीस! आपल्या शेजारी देवळालीला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शाळेतच शिकवत होते. त्यांना आकड्यांशी खेळायचा नाद होता. कागद, पेन्सिल आणि वजाबाकी एवढ्या भांडवलावर त्यांना एक संख्या सापडली, ती आज जगभर त्यांच्या नावानं ओळखतात. मी इतक्या जवळ राहून त्यांना कधी भेटले नाही, याची चुटपुट अजून आहे.

त्यांचा खेळ तुला सांगते. चार अंकी संख्या घे, चारही अंक सारखे नकोत. समज ३५२४. अंक उतरते लाव, ५४३२. चढते लाव, २३४५. वजा कर, ३०८७. आता त्याचंच पुन्हा: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणखी एकदा करून बघ: ७६४१ वजा १४६७. काय आलं? कुठलीही संख्या घे, फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ वर येऊन थांबते. मध्येच तीन अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य लावायला विसरू नको.

शाळेत जाताना रस्त्यात जितक्या गाड्या दिसतील त्यांचे नंबर घे. नंबर बघितल्याबरोबर आधी मनात सांग, याला किती वजाबाक्या लागतील, आणि मग वहीत करून बघ. सात लागणारी गाडी सापडली की मला कळव. आईला यातलं काही सांगू नको, तिलाही एक नंबर दे आणि नुसती बघत बस.